कोअरची ओटी

मी नेसरीकडची. गडहिंग्लज तालुक्यातलं नेसरी, तितनं पुढं गेलं की कानडी मुलूख लागतोय, त्यामुळं आमच्या घरात आईला अव्वा म्हणायचं आन् थोरल्या भनीला अक्का. बोलताना बाई असून मी गेलो, मी आलो असंच माझ्या तोंडात येतंय, तुमास्नी हसू ईल, पर आमच्याकडं बायका असंच बोलत्यात, तवा लिवताना ते नीट करत बसू नका. नाव माझं मालन. बा शेतात राबायचा, मिरच्या असायच्या आमच्या, तोडून तोडून हाताची आग व्हायची आन् त्याच हातानं डोळं चोळलं की मग बोंबलत बसायचं. शाळा मी सातवीपतोर केली. मग बिद्रीकडं दिलं मला. मालक माझं साखर कारखान्यात हंगामी, म्हंजे गाळप सुरू असलं की काम आन् बंद झालं की घरात बसून विड्या. असं किती दिस काढायचं? मग आमी कोल्हापुरात आलो, एमायडीशीच्या अंगाला खोली घेतली, त्यांनी वॉचमनची नोकरी धरली आन् मी शेजारच्या सुलामावशीच्या मागं लागलो, मावशी मला बी ने की तुज्या फौंड्रीत.

तर ही सुलामावशी. हिच्याशिवाय माझं सांगणं पुढं सरायचं न्हाय. माझी सख्खी मावशी न्हवं, पर सख्खीपरास जास्त. दाल्ला तिचा तरणाताठा असताना गेला, पदरात एक पोरगं, सासरच्यांनी दार दावलं, आन् ही बाई फौंड्रीत कोअर करून करून त्या पोराला मोठं केली. बोलायला फटकळ. पयल्या दिवशी मला म्हणाली, हितं रडायचं असलं तर वाळूपासनं लांब जाऊन रड, वाळू भिजली तर तुजा पगार ती देणार न्हाय. मला तवा वाटलं काय दगडाची बाई हाय. आन् दुपारी स्वताच्या डब्यातली निम्मी भाकरी न बोलता माझ्या म्होरं सारली.

कोअर म्हंजे काय, ते आदी सांगतो, न्हायतर तुमास्नी पुढचं कळायचं न्हाय. आता करंजी बगा. करंजीत आत सारण असतंय. तसं साच्यात आमी वाळूचा एक आकार करून ठेवायचा, त्येच्या भवतीनं लोखंडाचा रस वतायचा, आन् रस थंड झाला की ती वाळू ठोकून भाईर काढायची, म्हंजे सारण काढून टाकायचं आन् पोकळी तेवढी ऱ्हाती. ती वाळूची वस्तू म्हंजे कोअर. आमी मॅनिफोल्डचं कोअर करायचो. मोटारीच्या इंजानातनं धूर भाईर काढायला एक लोखंडी नळा असतोय, हाताची बोटं पसरल्यावानी, त्येला मॅनिफोल्ड म्हणत्यात. त्यातनं धूर जायची जी वाट हाय, ती वाट आमच्या हातची. गाडीत ती दिसत न्हाय, कुणाला ठावं न्हाय, पर आमास्नी ठावं हुतं की. रस्त्यानं गाडी गेली की सुलामावशी म्हणायची, ती बग आपली वाट चालली.

आन् आमच्या कोअर शॉपात एक रीत हुती. कुणी घातली ठावं न्हाय, मी गेलो त्येच्या आदीपासनं हुती. नवं काम आलं, म्हंजे नव्या मॅनिफोल्डची नवी पेटी आली, ज्या पेटीत वाळू भरून कोअर काढायचा ती पेटी, की तिची ओटी भरायची. खरीखुरी ओटी. पेटीला हळदी-कुंकू लावायचं, खण, तांदूळ, नारळ, आन् मग नारळ फोडून त्येचं पाणी विड्याच्या पानानं पेटीवर आन् पयल्या कोअरवर शिंपडायचं. का, तर ती पेटी पैलटकरीण, तिची पोरं नीट उपजूदेत. पुरुष मंडळी हसायची, फौंड्रीचं मालक सुदीक हसायचं, पर नारळ तेच आणून द्यायचं. आन् ओटी भरायची ती सुलामावशीनंच. पयल्यांदा मी म्हटलं, ओटी तर सवाष्णीनं भरायची असती न्हवं? तर शॉपातली एक म्हातारी म्हणाली, हितं सवाष्ण-बिवाष्ण काय न्हाय, जिचा कोअर मोडत न्हाय तिनं ओटी भरायची. मला ते लई आवडलं. गावाकडं मावशीला हळदी-कुंकवाला कुणी बोलवायचं न्हाय, कुणाच्या वास्तुशांतीला गेली तर मागं बसायची, आन् हितं सगळ्या सवाष्णी मागं आन् ती म्होरं. त्या दिवशी तिचं तोंड बगायचं. त्येवढा एक दिस ती कुणावर खेकसायची न्हाय.

बरीच वर्सं बरी गेली. मग कानावर याया लागलं, की गाड्या आता बॅटरीवर चालणार. आमी हसलो. म्हटलं मोबाईल हाय व्हय चार्ज करायला. पर रस्त्यावर हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या दिसाया लागल्या, आवाज न्हाय, मागं धूर न्हाय. सुलामावशीनं एकदा वाकून अशा गाडीच्या मागं बगितलं, नळाच न्हवता. एक दिस मालकांनी सगळ्यास्नी शॉपात गोळा केलं. आमचं मालक तसं साधं, बापाच्या जागेवर बसलेलं, कामगाराला अरं-तुरं करायचं न्हाईत. ते म्हणालं, हे बगा, आपण ज्या मोटार कंपनीचं काम करतो, ती आता विजेच्या गाड्या काढत्या. विजेच्या गाडीत इंजान न्हाय, म्हंजे धूर न्हाय, म्हंजे आपला मॅनिफोल्ड न्हाय. त्या गाडीत जी मोटार असती तिचं भांडं अल्युमिनियमचं, ते दुसऱ्याच मशिनवर हुतंय, तसलं मशीन घ्यायची आपली ऐपत न्हाय. असं बोललं आन् चष्मा पुसत ऱ्हायलं. मालक रडाय लागला की कामगारानं कुणाकडं बगायचं, तुमीच सांगा.

मग एक काम आलं. त्याच कंपनीची एक नवी गाडी निघणार हुती, दोन्हीवर चालणारी. म्हंजे घरात प्लग लावून चार्ज करायची, गावात विजेवर फिरायचं, आन् लांब जाताना चार्ज संपला की पेट्रोलवर. तिच्यात बॅटरी बी आन् इंजान बी. आमचं इंजिनियर हुतं पोवार साहेब, तरणंच हुतं, आमास्नी मावशी मावशी करायचं, त्यांनी आमास्नी बसवून समजावून सांगितलं. म्हणालं, मावशी, ह्या गाडीचा मॅनिफोल्ड करून दावायची संधी आपल्याला मिळालीय. नमुने पास झाले तर हे शॉप चालू राहणार. नाही झाले तर मालक हे शॉप बंद करणार, ते तुम्हाला तोंडावर सांगत नाहीत म्हणून मी सांगतोय. म्हंजे एका नळ्यावर आमच्या सगळ्यांचं आलं. माझी स्वाती तवा नर्सिंगला हुती, पयलं वरीस. मी शॉपात हुबा ऱ्हाऊन देवाला म्हटलं, हिचं शिक्षण हुईपतोर त्या गाडीतलं इंजान ऱ्हाऊदे, मग खुशाल काढ.

ह्या कामाला कोअर करायची रीत बी नवी. आदी आमी कोअर केला की भट्टीत भाजायचो, तासभर, तांबूस भाकरीवानी भाजून निघायचा. नव्या कामाला तसं न्हाय. वाळूत औषध मिसळायचं, पेटी मशिनला लावायची, मशीन त्यात गॅस सोडतंय आन् कोअर तितल्या तितं कडक हुतोय. भाजायचं न्हायच. पोवार साहेबांनी दहा येळा बजावलं, ह्या कोअरला पाणी चालत नाही, थेंबभर सुद्धा नाही, हात ओले असतील तर पुसून या. आमी व्हय म्हटलं. पदराला हात पुसून पुसून कातडं निघायची येळ आली. पाण्याची घागर सुदीक मावशीनं शॉपाच्या भाईर नेऊन ठेवली, हौसा एकदा तोंड धुवून तशीच आत आली तर तिला दारातनं माघारी घालवली. हौसा म्हंजे आमच्यातलीच, तोंडानं जरा वाईट. सांगायचं काय, तर पाण्याला आमी लई जपलं.

आन् नमुने काढायच्या दिवशी ओटी भरली.

आता तुमी म्हणशीला, येडी हाय काय ही बाई, आत्ताच म्हणली पाणी चालत न्हाय. व्हय. पर तुमी माझं ऐका. नारळाचं पाणी म्हंजे पाणी, हे आमच्या एकीच्या बी ध्यानात आलं न्हाय. ते तीर्थ. तीर्थ घेतलं की कुणी पाणी पिलं म्हणतंय काय? उपासाच्या दिवशी निर्जळी असली तरी तीर्थ चालतंय. घागर भाईर ठेवली तीच बाई हातात पान घिऊन तीर्थ शिंपडत हुती आन् आमी हात जोडून हुब्या. इतक्या वर्सांत हेच केलं हुतं, कवा काय झालं न्हवतं. का झालं न्हवतं, तर आदी कोअर भट्टीत जायचा, काय वल असंल ती भाजून उडून जायची. ह्यो भाजायचाच न्हवता. हे मला आता कळतंय. तवा कुठलं?

आन् दरयेळी पयल्या एका कोअरवर शिंपडायचो. त्या दिवशी नमुन्याचं सगळं कोअर घोड्यावर मांडून ठेवलेलं, म्हंजे लाकडी मांडणीवर. मावशी पयल्यावर शिंपडून थांबली, तर आमच्यातनंच कोण तर म्हणालं, मावशी, समदीच नमुन्याची हायत, एकाला दिऊन दुसऱ्याला का उपाशी ठेवतीस. मावशीला पटलं. तिनं एकेकाला कुंकवाचं बोट लावलं, एकेकावर पान झटकलं, अगदी मनापासनं, आन् पुटपुटत हुती, नीट उपजा गं बायांनू, नीट उपजा. साहेब तवा रसाच्या भट्टीकडं हुतं. मालक बी नारळ दिऊन तिकडंच गेलतं.

रस वतला. दुसऱ्या दिवशी वाळू झाडून नळं भाईर काढलं, तर काय सांगू तुमास्नी, एकेक नळा असा देखणा, गुळगुळीत, साहेबांनी हात फिरवून बगितला आन् त्येंनी शिट्टी मारली. मालकांनी पेढं आणलं. नमुने खोक्यात भरून कंपनीला गेलं. त्या दिसांत मी लई चांगली झोपलो.

मग कंपनीचा फोन आला. त्येंनी तितं नळं मधनं कापून बगितलं, तर आतल्या अंगाला भोकं. रवाळ पेरूला किडं असत्यात बगा, वरनं चांगला आन् आत पोखरल्याला, तसं. सगळं नमुने नापास. साहेब तडक आमच्या शॉपात आलं. एक कोअर जास्तीचा करून मांडणीवर तसाच ऱ्हायलेला, तो त्येंनी हातात घेतला. त्येच्यावर कुंकवाचं बोट तसंच हुतं. त्येच्या बाजूला एक डाग. साहेबांनी त्या डागावर अंगठा दाबला तर अंगठा आत गेला, वाळू भुसभुशीत. म्हणालं, हा ओला कशानं झाला? परत म्हणालं, मावशी, मी ओरडत नाही, पण मला कळू दे, कशानं ओला झाला, ओल राहिली की तिची वाफ होते आणि रसात भोकं पडतात. तवा सुलामावशी म्होरं आली. म्हणाली, तीर्थ दिलं म्या. सगळ्यास्नी दिलं.

साहेब तितंच वाळूच्या ढिगावर बसलं. त्येंनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्येंनी डोकं धरलं नुसतं. मावशी हुबीच. तिचा उजवा हात तिनं पदराखाली घातला, चोरी करताना घावलेल्या माणसागत. मी म्हटलं, साहेब, आमी समद्यांनी सांगटलं तिला, तिनं एकटीनं न्हाय केलं. माझं कोण ऐकतंय.

आन् जेवायच्या सुट्टीत हौसा बोलली. अशी बोलली की मावशीला ऐकू जावं. म्हणाली, नारळाचं पाणी आदी बी शिंपडत हुतो की, तवा का न्हाय पडली भोकं? दाल्ला गेलेल्या मुंडीचा हात लागला की असंच व्हायचं, ओटी सवाष्णीनं भरायची असती ते काय उगंच? मी ताटली फेकून मारली तिला, खरंच मारली, तिच्या खांद्याला लागली. म्हटलं, तुज्या पोराच्या बारशाला हिच मुंडी राबली हुती तवा हात चांगला हुता व्हय गं? पर बाण सुटला तो सुटला. बाकीच्या बायका खाली मान घालून जेवत हुत्या. एकीनं तरी हौसाला गप म्हणावं? न्हाय. मला तवा कळलं, की निम्म्या जणींच्या मनात तेच हुतं. नोकरी जायची भीती बसली की माणसाला कुणाचा तरी हात लागतोय धरून दावायला. मावशीनं डबा मिटला आन् घरला गेली. परत शॉपात आली न्हाय.

साहेबांनी हार मानली न्हाय. आमी परत कोअर केलं, ओटी न्हाय, काय न्हाय, मुकाट्यानं. परत नमुने पाठवलं. मी रोज साहेबांच्या केबिनकडं बगायचो. एक दिस त्येंनी मला हाक मारली आन् म्हणालं, मावशी, कंपनीनं ते दोन्हीवर चालणारं इंजिनच रद्द केलंय, आता सगळं बॅटरीवरच करणार आहेत. म्हणजे आपले पहिले नमुने पास झाले असते तरी काम येणारच नव्हतं. सुलामावशींना तेवढं सांगा. मला रडू बी आलं आन् वाईच बरं बी वाटलं, दोन्ही एकदम. शॉप बंद हुणार ते कळलं, पर मावशीच्या डोस्क्यावरचं तरी उतरलं.

तशीच मी तिच्या घरात गेलो. तिनं हातरूण धरल्यालं. आजारी अशी न्हवती, पर उठायची न्हाय, जेवायला म्हटलं तर हाताकडं बगायची. मी सांगटलं, मावशी, ऐक, ते इंजानच रद झालं, तुज्यामुळं काय सुदीक गेलं न्हाय. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, माझी शपथ? मी म्हटलं, तुजी शपथ. म्हणाली, पोरीची घे. मी म्हटलं, स्वातीची शपथ, मावशी. तवा ती उठून बसली आन् म्हणाली, चूल पेटव, भूक लागली. दोघींनी पिठलं-भाकरी खाल्ली. काय जेवली त्या दिवशी.

शॉप बंद झालं. मशिनं विकली, पेट्या भंगारात गेल्या, ज्येंची आमी ओटी भरली हुती त्या सगळ्या. बायका पांगल्या. कोण ऊसाला गेली, कोण काजूच्या फॅक्टरीत. मी राजारामपुरीत एका दवाखान्यात फरशी पुसायचो. तेवढ्यावर स्वातीची फी कुठली निघती, तिचं नर्सिंग सुटलं. आता औषधाच्या दुकानात हुबी असती. ती मला कवा एका शब्दानं बोलली न्हाय, तेच मला खातंय. बोलली असती तर भांडून मोकळं झालो असतो. माझ्या मालकांच्या वॉचमनच्या ड्युटीवर आमचं पोट चालतंय, उपाशी न्हाय आमी, तसं काय लिवू नका. पर रोज सकाळी जीवाला असं वाटतंय की कुठं जायचं हुतं ते इसरलो.

मग एका गाड्यांच्या शोरूममधे झाडलोटीचं काम मिळालं. पगार दवाखान्यापरास बरा. काम म्हंजे काच पुसायची, फरशी पुसायची, आन् गाडी न्यायला गिऱ्हाईक आलं की नारळ फोडत्यात, चाकाखाली लिंबू ठेवत्यात, त्येचा पसारा काढायचा. बगा म्हंजे, माझ्या नशिबाला नारळाचं पाणी पुसणं आलं. पयल्या दिवशी गिऱ्हाइकानं नव्या गाडीच्या नाकावर नारळाचं पाणी शिंपडलं तर माझ्या तोंडातनं आवाज निघाला, अहो नको. सगळी माझ्याकडं बगाय लागली.

आन् एक दिस तितं नवी गाडी आली. पांढरी, मोठी. भवतीनं फुगं लावलं. विकणारं पोरगं एका गिऱ्हाइकाला सांगत हुतं, सर, ही घरी प्लग लावून चार्ज करायची आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल, दोन्ही. माझ्या हातातनं पोछा गळला. त्येनं पुढचं झाकण उघडलं. मी कडंनं जाऊन बगितलं. आत इंजान हुतं. वर पत्रा हुता, पर त्येच्या फटीतनं दिसत हुतं, लोखंडाचा नळा, बोटं पसरलेला, तसाच. तसाच हुता ओ. आमच्या पेटीतनं निघालेला असता तर मला ह्येच्यापरास जास्त वळखीचा वाटला नसता. फकस्त दुसऱ्या कुणाच्या हातचा.

पोवार साहेब आता पुण्यात असत्यात, बॅटरीच्या गाडीच्या कारखान्यात. मी फोन लावला. म्हटलं, साहेब, ती गाडी आलीय, मी तिच्या म्होरं हुबा हाय. मग म्हणालं, मावशी, दुसरे नमुने जायच्या आधीच त्यांनी काम दुसऱ्याला दिलं होतं. सुलामावशी जेवत नाहीत असं तुम्हीच मला सांगितलं होतंत, म्हणून मी इंजिन रद्द झालं म्हटलं. मी काय करायला पाहिजे होतं? मग म्हणालं, आणि काम मिळालं असतं तरी मावशी, चार-पाच वर्षंच चाललं असतं, शेवटी सगळं बॅटरीवरच जाणार आहे. मी म्हटलं, साहेब, चार-पाच वर्सांत माझी स्वाती नर्स झाली असती. फोन त्येंनी ठेवला का मी, ते आता आठवत न्हाय. त्येंच्यावर माझा राग न्हाय. वाईट मनानं त्येंनी काय केलं न्हाय. पर मी लेकीची शपथ घेतली हुती ओ, आन् ती खोटी निघाली. स्वाती वाईच शिंकली तरी मी मीठ-मिरच्या उतरून टाकतो.

सुलामावशी आता थकली. तिचं पोरगं, सून चांगली हायत, करत्यात तिचं. मी सुट्टीच्या दिवशी जातो. दरयेळी चहा झाला की ती इचारती, मालन, तू शोरूमात असतीस, ते दोन्हीवालं इंजान आलं न्हाय न्हवं बाजारात? सहज इचारल्यागत इचारती, बशी पुसत पुसत. तिला संशय हाय का सवय हाय, मला कळत न्हाय. मी म्हणतो, न्हाय मावशी, रद झालं की ते. ती म्हणती, व्हय व्हय, रद झालं. आन् मग दुसरं बोलतो.

परवा त्याच पांढऱ्या गाडीची डिलिव्हरी हुती. गारगोटीकडचं शेतकरी कुटुंब, पोरगा मोठ्या हुद्द्यावर असावा. आरतीचं ताट आणलेलं. सून इकडं तिकडं बगून मला म्हणाली, मावशी, तुम्ही या की, गाडीला कुंकू लावा, आमच्या सासूबाई... आन् तिनं मागं बगितलं. सासू मागं खांबाला टेकून हुबी हुती, मोकळं कपाळ, उजवा हात पदराखाली. तो हात बगितला आन् माझ्या डोस्क्यात काय झालं ठावं न्हाय. मी ताट घेतलं आन् थेट म्हातारीकडं गेलो. म्हटलं, आजी, पोरगा तुमचा, गाडी त्येची, लावा तुमी. ती म्हणाली, नको गं बाई, नवी वस्तू हाय, काय वाईट झालं तर. मी तिचा हात पदराखालनं वडून काढला. जरा जोरातच वडला. म्हटलं, लावा. हातानं काय वाईट हुत न्हाय, आजी. मी बगितलंय. पोरगा म्होरं आला, म्हणाला, आई, लाव. म्हातारीनं लावलं. कुंकू निम्मं खालीच सांडलं. गाडी आवाज न करता दारातनं गेली आन् मी फरशी पुसली.

तर असं हाय बगा. तुमी इतकं बसून ऐकलासा, कुणी ऐकत न्हाय आजकाल, तुमच्या लेकराबाळांचं हातचं काम टिकूदे, येवढंच म्हणतो. आन् एक करा माझ्यासाठी. माझं नाव ऱ्हाऊदे तसंच, पर मावशीचं नाव बदला, तिचं घर कुठं हाय ते बी लिवू नका. तिला वाचाया येत न्हाय, पर सून तिची रोज दुपारी तिला पेपर-बिपर वाचून दावती.